परित्राण म्हणजे तोडगा नव्हे

अण्णांना कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की आई चुलीवरचा तवा उतरवून ठेवायची. आता हा माणूस लवकर जेवायला बसत नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतली लग्नं, बारशी, मयतीनंतरचे विधी लावायचे. बौद्धाचार्य म्हणतात आमच्यात. म्हणजे भंते नव्हे. बायकापोरांचा, संसारातलाच माणूस, पण पांढरा सदरा घालून पुढं बसला की सगळे त्याच्या मागोमाग त्रिशरण म्हणणार. पाली ते एका म्हाताऱ्या भंतेजींकडं शिकले होते आणि भंतेजींनी त्यांना एक सवय लावून दिली होती. जो शब्द लोकांकडून म्हणवून घ्यायचा, त्याचा अर्थ आधी लोकांना सांगायचा. अण्णांनी ती इतकी मनावर घेतली की नवरा-नवरी हातात हार धरून ताटकळत उभी आहेत, मांडवाच्या मागं वरणाला उकळी फुटून ते पातेल्याला लागायला आलंय, आणि अण्णा 'मंगल' आणि 'शुभ' ह्यांतला फरक समजावून सांगतायत, हे मी कैकदा पाहिलेलं आहे. लोक हसायचे, पण चिडायचे नाहीत. गुरुजींचं आहे ते, असं म्हणून सोडून द्यायचे.

आमचं घर सोलापुरात, भवानी पेठेच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. पलीकडच्या भिंतीला नरसम्माचं घर आणि तिच्या पुढच्या खोलीत टॉवेलचे माग. दिवसभर खटाखट चालू. वीज गेली की माग थांबायचे आणि मग आपलंच बोलणं एकदम मोठं वाटायला लागायचं. सगळी गल्ली आपोआप आवाज खाली आणायची. नरसम्मा घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, आणि समोरच्या खालाबींशी तिसरंच काहीतरी, जे दोघींशिवाय कुणाला कळत नसे. आई अक्कलकोटकडची, तिला कानडी यायचं. त्यामुळं आमच्या दारासमोर चार बायका तांदूळ निवडायला बसल्या की भाषांची नुसती खिचडी. भाकरी मात्र सगळ्यांकडं ज्वारीचीच, उरली की उन्हात वाळवून कडक केलेली, आणि तिच्याबरोबर शेंगांची चटणी. नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नव्हता. तो सोलापुरात आजही नाही. माझी सून आता मोबाइलवर पाण्याच्या मेसेजची वाट बघते, त्या काळी आम्ही हंडा घेऊन नळापाशी बसायचो, एवढाच काय तो फरक पडला. असो.

त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी गढूळ यायला लागलं. वास यायचा. आई ते फडक्यातून गाळायची आणि तुरटी फिरवायची, आणि त्यापलीकडं काही करता येतं हे आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. मग गल्लीत कावीळ आली. आमच्या घरात ती माझ्या थोरल्या भावाला, सिदूला झाली. सिदू नरसम्माच्या दिरांकडं मागावर कामाला होता, अंगापिंडानं चांगला, आणि आठवड्याभरात त्याच्या अंगात त्राण म्हणून राहिलं नाही. डोळे पिवळे, नखं पिवळी, भाकरीचा वास आला तरी उलटी. सात रस्त्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, ह्याला औषध म्हणून काही नाही. आराम, उकळलेलं पाणी, उसाचा रस, तेलकट बंद. तरण्या पोराची कावीळ आपोआप उतरते. आणि उठता उठता म्हणाले, घरात, शेजारीपाजारी कुणी गरोदर बाई असेल आणि तिला झाली, तर मात्र घरी ठेवू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. अण्णांनी हे नीट ऐकून घेतलं. अण्णा सगळंच नीट ऐकायचे.

औषध नाही म्हटल्यावर आईच्या हाताला चैन पडेना. बाई माणूस पोराशेजारी नुसतं बसून राहणार तरी कसं? तिच्या माहेरी कावीळ उतरवणारा एक जण होता. चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन द्यायचा आणि पाणी पिवळंधम्मक झालं की कावीळ उतरली म्हणायचा. आईनं त्याचं नाव काढलं मात्र, अण्णांनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं तो विषय सोडला. अण्णांनी स्वतःच्या हातानं वस्तीतले किती अंगारे, किती लिंबं, किती ताईत नाल्यात टाकले होते. मग आई म्हणाली, बरं, उतारा नको तर नको, आपलं परित्राण तरी लावा. त्याला तर ना म्हणता येईना, कारण परित्राण पाठ आमचाच. पाण्याचा कलश मांडायचा, पांढरं सूत कलशाला गुंडाळून पुढं बसलेल्या सगळ्यांच्या हातातून फिरवायचं, पालीतली सुत्तं म्हणायची, आणि मग ते सूत तोडून ज्याच्या त्याच्या मनगटाला बांधायचं, पाणी ओंजळीत द्यायचं. भंतेजी त्या वेळी गावाला होते, म्हणून अण्णांनीच तो लावला. सूत नरसम्मानं मागाच्या कांडीवरचं दिलं. आणि पाणी आईनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून उकळून घेतलं, तर गल्लीतल्या एका बाईनं तोंड वाकडं केलं. उकळल्यावर पाण्यातलं परित्राण राहतंय व्हय, असं तिचं म्हणणं.

पाठाआधी अण्णांनी अर्थ सांगितला. तो मला आजही तोंडपाठ आहे, कारण त्या उन्हाळ्यात तो मी इतक्यांदा ऐकला. त्राण म्हणजे आपण मराठीत अंगातली ताकद म्हणतो, पण मुळात त्राण म्हणजे सांभाळणं. परि म्हणजे चहूबाजूंनी. चहूबाजूंनी सांभाळ, ते परित्राण. पण सांभाळतो कोण? तर कुणी नाही. वरून कुणी येत नाही, सुतात कुणी बसलेलं नाही. चांगल्या गोष्टींची आठवण सगळ्यांनी मिळून काढली की घाबरलेलं मन ठिकाणावर येतं, आणि ठिकाणावर आलेला माणूस नीट वागतो, नीट वागणं माणसाला सांभाळतं. म्हणून परित्राण म्हणजे राखण नव्हे, राखणीला राखणदार लागतो. परित्राण म्हणजे आशीर्वाद नव्हे, त्याला देणारा लागतो. आणि परित्राण म्हणजे तोडगा तर नव्हेच नव्हे. शाळेतल्या एका बाईंनी त्यांना एकदा म्हटलं होतं, हा शब्द आमच्या स्तोत्रांतही आहे की गुरुजी; तर अण्णा म्हणाले, आहे ना, पण तुमच्यात कुणीतरी धावून येतो, आमच्यात आपल्यालाच उठावं लागतं. बाईंना ते पटलं की नाही माहीत नाही, चहा मात्र त्यांनी दिला.

गल्लीतल्या बायकांनी प्रत्येकीनं तो शब्द आपापल्या घरी नेला. खालाबी म्हणाल्या, ह्याला आमच्यात हिफाजत म्हणतात. नरसम्मा म्हणाली, कापाडु. आई हसली, कारण कानडीतही तेच. अण्णांना आधी ह्याचा आनंद झाला. शब्दाला शब्द भेटला की त्यांचा चेहरा उजळायचा. मग त्यांनी एकेकीला विचारलं की तुमच्या शब्दात सांभाळणारा कोण आहे, आणि प्रत्येकीनं वर बोट केलं. अण्णा म्हणाले, मग तो हा शब्द नव्हे. बायकांनी माना डोलावल्या, व्हय व्हय म्हणाल्या, आणि हात पुढं केले. अण्णांनी सूत बांधलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, मला त्या वेळी ह्या सगळ्याची गंमत वाटत होती.

गंमत फार दिवस राहिली नाही, कारण सिदू बरा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच झाला, आपोआप, पण ते डॉक्टरांचं बोलणं अण्णांनी आणि मीच ऐकलेलं. गल्लीनं काय पाहिलं? औषध नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. गुरुजींनी सूत बांधलं आणि पोरगा भाकर खायला लागला. मग लोक यायला लागले. आधी आमचे, मग नरसम्माचे भाऊबंद, मग खालाबींच्या बहिणी, मग कुठून कुठून रिक्षा करून. शाळेतून दमून आलेले अण्णा दारात चप्पल काढायच्या आत कुणीतरी पिवळ्या डोळ्याचं पोर पुढं करायचं. अण्णा पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचे. त्राण म्हणजे हे, परि म्हणजे हे, पाणी उकळून प्या, डॉक्टरला दाखवा, हा तोडगा नव्हे. लोक अगदी शांतपणे ऐकून घ्यायचे. त्यांना वाटायचं, हा अर्थ म्हणजे विधीचाच एक भाग आहे. गुरुजी बोलले नाहीत तर सूत लागायचं नाही. एक म्हातारा तर मला म्हणाला, तुजा बाप लई ताकदीचं म्हणतोय. ते मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. नाही म्हणावं तर लोक चुन्याच्या पाण्याकडं जाणार, हो म्हणावं तर घरी बसणार. म्हणून ते बांधत राहिले आणि सांगत राहिले.

आमच्याच ओळीत शेवटच्या घरात सगुणामावशी राहायची. आमच्याच समाजातली. नवरा गेलेला, एक मुलगा बाबू, तो मागावर, आणि बाबूची बायको सुमन. सुमन उजनी धरणाच्या काठच्या गावाची होती. ती माझ्यापेक्षा थोडी मोठी, पण आमचं चांगलं जमायचं. दुपारी ती आमच्याकडं चिंच खायला यायची, कारण तिच्या सासूला चिंच चालत नसे. तिला सोलापूरच्या पाण्याचं भारी हसू यायचं. आमच्या गावाला बग, म्हणायची, दिसंल तितं पाणी, शेताच्या बांधावरून हात घातला की पाणी, आनि हितं तुमी हंड्याला कुलूप लावायचं तेवढं बाकी ठिवलंय. मासळीची तिला सारखी आठवण यायची. पहिलटकरीण होती आणि दिवस भरत आले होते. बाळंतपणाला माहेरी जायचं, पण मावशीनं पाठवलं नाही, सून गेली की घरात करणारं कुणी नाही म्हणून.

एके दुपारी ती आली ती चिंच नको म्हणाली. आईनं तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला अण्णांच्या शाळेत पिटाळलं. अण्णा वर्ग सोडून आले. इतक्या वर्षांत वर्ग सोडून आलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. ते तसेच मावशीच्या दारात गेले, मी मागं. म्हणाले, मावशी, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, मी रिक्षा आणतो. मावशी भाकरी थापत होती. तिचा नवरा त्याच दवाखान्यात गेला होता आणि परत आला तो पांढऱ्या कापडात. तेव्हापासून तिनं त्या रस्त्यानं बाजारालाही जाणं सोडलं होतं. तिनं हात धुतले, अण्णांना बसायला पाट दिला, आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या सिदूला न्हेलं व्हतं का दवाखान्यात?"

अण्णांनी सांगितलं की त्याचं वेगळं होतं, तो पोरगा, ही दोन जिवांची. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दनशब्द सांगितलं. मावशी ऐकत होती. मग तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, गावातल्या कुणाकुणाला तुम्ही सूत बांधलं, मुसलमानाला बांधलं, तेलग्यांना बांधलं, आणि आपल्याच माणसाला दवाखाना सांगताय, आमचं काही चुकलं का? आता मी अण्णांच्या त्या वेळच्या वयापेक्षा म्हातारी आहे आणि त्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचत नाही. शेवटी अण्णा म्हणाले, मी सूत बांधतो, पण उद्या सकाळी तुम्ही हिला नेणार, शब्द द्या. मावशीनं शब्द दिला. बाबूनंही मान हलवली. तो आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

सुमन भिंतीला टेकून बसली होती. अण्णा सूत बांधायला लागले आणि सवयीप्रमाणे अर्थ सांगायला लागले, तेव्हा तिनं मधेच विचारलं. इतक्या लोकांत मधेच विचारणारी ती एकटी.

"गुरुजी, ह्यात जर कुणीच न्हाय, तर ह्येचा उपेग काय?"

अण्णा थांबले. म्हणाले, "आम्ही सगळे तुझ्याजवळ बसलोय, एवढाच."

"मग तसंच बांदा की," ती म्हणाली. "मला कळलं. मी जाते उद्या दवाखान्यात."

तिला खरंच कळलं होतं. त्या उन्हाळ्यात अण्णांचा शब्द ज्या एका माणसाला कळला ते माणूस सुमन होती, आणि दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. ह्या गोष्टीचा मला आजही संताप येतो. कुणावर काढावा ते समजत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ती घरीच होती. मावशी म्हणाली, आज जरा बरं वाटतंय तिला, पेज प्यायली. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, बाबूला सुट्टी न्हाय. अण्णा शाळेत जाताना एकदा आणि येताना एकदा त्यांच्या दारात उभे राहायचे. समजावायचे, चिडायचे, एकदा तर हात जोडले. मावशी प्रत्येक वेळी हो म्हणायची. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याशी काय करणार?

आईनं हे सगळं अण्णांच्या तोंडून चुलीपाशी बसून ऐकलं होतं. आई शाळेत गेलेली नव्हती, पण माणसं तिला अण्णांपेक्षा जास्त कळायची. ती म्हणाली, "मग तसंच सांगा की. दवाखान्यात गेल्याबिगर सूत लागू पडत न्हाय म्हना. तुमचं ऐकत्यात ती."

अण्णा म्हणाले, "जे त्यात नाही ते आहे म्हणून कसं सांगू?"

"सांगायला काय जातंय?"

"आज मी म्हणालो सूत लागू पडतं, की मग उद्या माझ्यात आणि चुन्याचं पाणी देणाऱ्यात फरक काय राहिला? भंतेजींना काय सांगू? लोकांच्या घरातले ताईत मी कुठल्या तोंडानं फेकून दिले?"

"उद्याचं उद्या बगू," आई म्हणाली. "आज ती पोर पिवळी पडलिया."

अण्णा उठून बाहेर गेले. ओट्यावर बसले. भिंतीपलीकडं माग चालू होते. मला वाटलं, आता उठतील आणि मावशीकडं जातील. ते उठले, आणि आत येऊन जेवायला बसले. मी त्यांना दोष देत नाही, तेव्हाही दिला नाही. त्या एका शब्दाच्या खरेपणावर त्यांनी आपलं अख्खं आयुष्य उभं केलं होतं. कर्मकांड सोडलेल्या घरात तो माणूस वाढला होता. त्याच्या वडिलांनी देव पाण्यात सोडले तेव्हा तो काठावर उभा होता. खोटं बोलणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते सगळे देव परत घरात आणणं. हे मला कळतं. आणि आई बरोबर होती, हेही कळतं. दोन्ही कळून काही उपयोग होत नाही.

सुमन असंबद्ध बोलायला लागली तेव्हा बाबू धावत आला. म्हणाला, ती मला ओळखत नाही, शेतात पाणी शिरलंय म्हणते. तेव्हा मावशीचं कुणी ऐकलं नाही. सिदूनं आणि बाबूनं तिला उचलून टेम्पोत घातलं, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. टेम्पो निघाला तेव्हा मावशी दारात उभी राहून एकच सांगत होती, हातातलं सूत सोडू देऊ नका. दवाखान्यात मुलगी झाली, अशक्त पण जिवंत. दुपारपर्यंत सुमन शुद्धीवर आल्यासारखी झाली, पोर तिच्या तोंडाजवळ धरली तर तिनं बघितलं, असं आई सांगत होती. संध्याकाळच्या आत ती गेली.

मयतीला अण्णाच पुढं होते. दुसरं कोण होणार? त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणायचं ते सगळं त्यांनी म्हटलं, कुठं अडखळले नाहीत. अर्थ मात्र त्यांनी सांगितला नाही. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल तर दुःखात राहून गेलं म्हणाले असतील. आम्ही घरी आलो तेव्हा नरसम्मानं आमच्यासाठी भाकरी करून ठेवल्या होत्या. अण्णांनी भाकरी मोडली आणि ताटात तशीच ठेवली. मला वाटत होतं की आता कुणीतरी येईल, ओरडेल, म्हणेल की तुमच्या सुतानं आमची सून घालवली. मी त्याची वाट बघत होते म्हणा ना. कुणी ओरडलं असतं तर अण्णांना सोपं गेलं असतं. पण गल्लीतून कुणाचा चढा आवाज आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी एक बाई कावीळ झालेल्या पोराला घेऊन दारात उभी राहिली. अण्णांनी त्या पोराला रिक्षात घालून स्वतः डॉक्टरकडं नेलं. पुढं बरेच दिवस ते असंच करत राहिले, शाळा बुडवून, जेवण बुडवून, आणि लोक म्हणायचे, गुरुजी आता सुताबरोबर रिक्षा पण करून देतात.

पोरीचं नाव ठेवायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी सगुणामावशी तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून आमच्याकडं घेऊन आली. मावशी त्या एका महिन्यात फार म्हातारी झाली होती. तिनं पोर अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, "सुमनचं तेवढंच व्हतं, गुरुजी. पर तुमचं सूत व्हतं म्हनून लेकराचं तोंड बगून गेली. ही बी त्याच्यावरच वाचली. हिला बांदा."

अण्णा म्हणाले, "मावशी, ती आधीच दवाखान्यात गेली असती तर दोघी वाचल्या असत्या. सूत काही करत नाही. मी तेव्हाही सांगितलं होतं."

मी मावशीच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता तिला कळेल. तिनं पुढं होऊन अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जणू त्यांच्याच घरातलं माणूस गेलंय, आणि म्हणाली, "मनाला लावून घिऊ नका. तुमी तुमचं समदं केलं." मग तिनं लुगड्यातून पोरीचा हात बाहेर काढला आणि मनगट पुढं धरलं.

आईनं सूत आणून दिलं. पोरीचं मनगट इतकं बारीक की सूत निसटत होतं. शेवटी आईनं तो हात धरला आणि अण्णांनी गाठ मारली. गाठ मारून झाल्यावर ते खाली बघतच बोलले.

"मावशी, ह्या सुताला डोस लागतात. दवाखान्यात लहान पोरांना लसीचे डोस देतात ना, ते. सगळे वेळेवर द्यायचे. ताप आला, काही झालं, तरी आधी दवाखाना. त्याच्याशिवाय हे सूत लागू पडत नाही."

"व्हय गुरुजी," मावशी म्हणाली. "एक बी चुकवनार न्हाय."

तिनं चुकवला नाही. ज्या रस्त्यानं ती बाजाराला जात नव्हती, त्या रस्त्यानं नातीला छातीशी धरून जायची. येताना आमच्या दारात थांबायची, पोरीचा हात वर करून अण्णांना सूत दाखवायची आणि ते बोलेपर्यंत हलायची नाही. अण्णा वहीतून डोकं वर काढायचे, त्या मनगटाकडं बघायचे, आणि म्हणायचे, लागू पडतंय.